मट्टांचेरीची दुपार

बँकेच्या सेवेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मी असंख्य गोदामे पाहिली. पोती मोजावीत, नोंदवहीशी ताडून पाहावीत आणि सही करून बाहेर पडावे, एवढाच तो परिचय. निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा घेऊन दिला आणि गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता कोचीला गेलो.

फोर्ट कोचीची चिनी जाळी सर्वांनी चित्रांतून पाहिलेली असतात. सूर्यास्ताला तेथे उभे राहण्यासही जागा नसते, म्हणून मी पहाटे गेलो. (वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच भिंगावर बाष्प धरते, कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावा.) चार-पाच माणसे दोर ओढतात, दोरांना बांधलेले दगड एकामागून एक खाली येतात आणि ते अवाढव्य जाळे पाण्याबाहेर निघते. तडफडणारी मासळी टिपण्यास मन धजेना. मी दगड टिपले, दोरावरचे हात टिपले.

मट्टांचेरीच्या गुजराती रोडवर १९०४ साली बांधलेले श्री धर्मनाथ भगवंतांचे मंदिर आहे. दुपारी तेथे कबुतरांना दाणे घालतात. थवा उठला की आकाश दिसेनासे होते. दर्शन घेऊन आम्ही जवळच्या एका सुंठीच्या गोदामात गेलो. तेथील दर्प नाकात झोंबत होता. छपराच्या फटीतून उतरलेल्या उजेडात काही स्त्रिया सुंठ निवडत होत्या. असा प्रकाश पुन्हा मिळायचा नाही, म्हणून मी मालकांकडे पाहिले. “घ्या ना,” ते म्हणाले. मी कॅमेरा उचलला आणि समोरच्या बाईने तोंड फिरवले.

परवानगी मी मालाच्या धन्याची घेतली होती, चेहऱ्याच्या धन्याची नव्हे. ओशाळून कॅमेरा खाली केला. मुनीमजींनी मल्याळममध्ये विचारपूस केली. बाईंचे म्हणणे एवढेच, की पुष्कळ लोक येतात, फोटो काढून नेतात. आम्हाला कोणी कधी दाखवत नाही.

प्रती पाठवण्याचे मी कबूल केले. मग त्या उठल्या, केस सारखे केले, इतर जणींना हाका मारल्या आणि भिंतीशी ताठ रांगेत उभ्या राहिल्या. तोवर उजेड सरकला होता. कलेच्या दृष्टीने ते चित्र सामान्यच.

घरी येऊन सात प्रती काढल्या आणि टपालाने रवाना केल्या. आठवड्याने मुनीमजींचा दूरध्वनी आला: एक प्रत कमी पडली. चित्र पुन्हा पाहिले, तेव्हा उजव्या कडेला अर्धवट आलेली आठवी बाई दिसली. मी तिला मोजलेच नव्हते. तिची प्रत सोमवारी पाठवली.