आभाळ आणि वणी (लेखांक 5) : गारेचा पट्टा

मागच्या लेखांकात सप्तशृंगी गडावरच्या दरडी आणि पावसाळ्यात पायऱ्यांवरून येणारे पाण्याचे लोट पाहिले. गडावर काही घडलं की त्याची राज्यभर बातमी होते. आज गडाखाली, नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या शिवारात उतरू. इथली सगळ्यात महागडी आपत्ती पाच-दहा मिनिटांत येऊन जाते आणि दोन शिवांपलीकडच्या गावाला तिचा पत्ताही नसतो.

पूर्वी या भागात संकट म्हटलं की दुष्काळच डोळ्यांपुढे यायचा. 1876-78 चा, पुढे 1899-1900 चा (संवत 1956, म्हणून 'छप्पन्न'चा), आणि ज्याची झळ सोसलेली माणसं अजून आपल्यात आहेत तो 1972 चा. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पूर्वेला चांदवडकडे जाईपर्यंत तो पार आटतो. वणी या दोन्हींच्या मधे. दिंडोरी तालुक्यात ओझरखेड, पुणेगाव, करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं झाली आणि दुष्काळाची धार बोथट झाली. ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी लावलेलं द्राक्ष या पाण्याच्या जोरावर तालुकाभर पसरलं.

माझ्या मते वणीच्या आपत्तींचा इतिहास इथेच वळण घेतो. गार पूर्वीही पडत होतीच. फेब्रुवारीत पडली की गहू-हरभरा झोपायचा, वर्षाचं धान्य जायचं, हाल व्हायचे. पण मृग आला की नवी पेरणी करता यायची. द्राक्षाचं तसं नाही. वेल पंधरा-पंधरा वर्षं उभा असतो. अँगल आणि तारांचा मांडव, औषधं, मजुरी मिळून एकरी खर्च लाखांत जातो, आणि त्यातला बराच पैसा सोसायटीचा किंवा बँकेचा असतो. आभाळ तेच राहिलं, पण त्याखाली आपण मांडलेला डाव कितीतरी मोठा झाला.

त्यात द्राक्षाचं वेळापत्रक गारेच्या वेळापत्रकावर नेमकं बसलं आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी, आणि तिथून माल तयार व्हायला साधारण चार-साडेचार महिने. म्हणजे नोव्हेंबरात फुलोरा नाहीतर कोवळे मणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी.

गारही याच महिन्यांत येते. ती भर पावसाळ्यात का पडत नाही? जून ते सप्टेंबर शून्य अंशाची पातळी जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर उंच असते. वर बर्फ झाला तरी खाली येईपर्यंत तो वितळून जातो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ही पातळी खाली येते. उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. खाली अरबी समुद्राचं किंवा बंगालच्या उपसागराचं बाष्प असतं आणि दुपारच्या उन्हानं जमीन तापलेली असते. मग हवेचे जोरदार झोत वर उसळतात. ढगात शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात, ते बर्फाच्या बारक्या कणावर आदळले की गोठतात आणि गार थरावर थर घेत वाढते. झोताला तिचं वजन पेलेनासं झालं की ती कोसळते. ढग पुढे सरकत असल्यामुळे जमिनीवर मार बसतो तो लांब, पण अरुंद पट्ट्यात. एका भावाची बाग झोडपली जाते आणि नाल्यापलीकडची दुसऱ्याची शाबूत राहते, ती यामुळे.

मार बसलेली बाग जवळून पाहावी. वाऱ्याच्या अंगाची पानं चाळणीसारखी झालेली असतात. हिरव्या काडीवर, फक्त एका बाजूला, तपकिरी खुणा उमटतात. त्या पुढच्या वर्षीही नडतात. घडात पाच-सहाच मणी फुटलेले दिसतात, पण त्यांचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, माशा बसतात आणि दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटतो. घडकुज सुरू झाली की उरलेला माल विरळून काढायची मजुरी मालाच्या किमतीपुढे जाते. भाव ठरवून गेलेला व्यापारी फोन उचलत नाही.

2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या 28 जिल्ह्यांत गारपीट झाली. असा दीर्घ मारा राज्यानं क्वचितच पाहिला होता. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, केंद्रानं मदतीसाठीची नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात लागोपाठ आली. नाशिकमध्ये ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला आणि डावणी रोगानं बागा धुऊन नेल्या. तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. एकरी लाखांचा खर्च आणि ही रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहावी. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पुन्हा गार आली.

मोजमापातही अडचण आहे. 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते आणि तो मोजला जातो महसूल मंडळातल्या केंद्रावर. वणी मंडळात कितीतरी गावं येतात. पाऊस एकवेळ केंद्रावर सापडेल, पण गारेचा अरुंद पट्टा यंत्राला चुकवून सहज निघून जातो.

2025 नं तर वेगळंच संकट दाखवलं. मे महिन्यातच पाऊस लागला. 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, एवढ्या लवकर तो पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. खरड छाटणीनंतरचे हे आठवडे काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होण्याचे असतात आणि तिला ऊन लागतं. ढगाळ हवेत डोळे वांझ राहिले. बागा हिरव्यागार, एक पानही फाटलेलं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी आल्या, तेव्हा कळलं की घड नाहीत, किंवा आहेत ते जिरताहेत. मे-जूनमध्ये झालेलं नुकसान ऑक्टोबरात दिसलं, तर पंचनामा नेमका कोणत्या दिवसाचा करायचा?

म्हणून प्रत्येक गावानं गारेची आणि अवकाळीची वही ठेवावी असं मला कळकळीनं वाटतं. तारीख, वेळ, ढग कुठून आला, किती मिनिटं मारा झाला, कोणत्या गट नंबरांवर झाला, तेव्हा बाग कोणत्या अवस्थेत होती, छाटणीची तारीख काय होती. सोबत गारेशेजारी नाणं ठेवून काढलेला फोटो. ग्रामपंचायतीत किंवा विकास सोसायटीत हे काम एक माणूस करू शकतो. विमा कंपनीशी वाद घालताना ही वही उपयोगी पडेल. पुढच्या लेखांकात कळवण-दिंडोरीतले भूकंपाचे सौम्य धक्के पाहू.