पाणथळ राखीव क्षेत्रातील ऑर्किड प्रदर्शन : जागेची आखणी

ऑर्किडचे प्रदर्शन म्हटले की मंडप, पायऱ्यांची मांडणी आणि तीवर फुललेल्या कुंड्या असे चित्र डोळ्यांसमोर येते. शहरातील बागेत ते ठीक आहे. परंतु हीच मांडणी पाणथळ राखीव क्षेत्रात करावयाची ठरविली, तर ज्या झाडांचे कौतुक करावयाचे त्यांनाच धोका पोहोचतो. पर्यटकांसाठी असे काही उभारण्याची कल्पना गावात निघाल्यास पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कुंड्या पुरविणाऱ्या बागायतदारांनी तर त्या अवश्य पाहाव्यात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कॉर्कस्क्रू नावाचे दलदलीचे अभयारण्य आहे. नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी ही संस्था ते सांभाळते. २००९ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या सायप्रस वृक्षांमधून तेथे सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची, खांबांवर उभारलेली फळ्यांची वाट आहे. २००७ मध्ये या वाटेवरून एका सायप्रसच्या खोडावर, सुमारे ५० फूट उंचीवर, ‘घोस्ट ऑर्किड’ फुललेले दिसले. या जातीला पाने जवळजवळ नसतातच. हिरवट मुळेच अन्न तयार करतात. ते पाहण्यास लोक येऊ लागले, तेव्हा फूल खाली आणले नाही की झाडापर्यंत नवी वाट काढली नाही. आहे त्याच वाटेवरून दुर्बिणीने ते दाखविले. आमच्या मते याहून चांगले प्रदर्शन दालन नाही!

यामागे शास्त्रीय कारण आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्याने निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. झाडाची साल, खालच्या पाण्यामुळे टिकणारा हवेतील ओलावा, बुरशी आणि परागीभवन करणारा कीटक या सर्वांचा मेळ बसला तरच वंश पुढे चालतो. घोस्ट ऑर्किडचे परागीभवन लांब सोंडेचे पतंग रात्री करतात. म्हणून अशा ठिकाणी रोषणाई नको. वाटेसाठी मातीचा भराव घातल्यास पाण्याचा प्रवाह अडतो. एका बाजूस पाणी तुंबते, दुसरी बाजू सुकते. वाट खांबांवरच हवी.

आपल्याकडे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ लागू आहेत. त्यांखाली येणाऱ्या पाणथळ जागेत सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, बोटीचा धक्का वगळता, पक्के बांधकाम करता येत नाही. क्षेत्र अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाची बंधने वेगळी. तेव्हा दालन, वाहनतळ, उपाहारगृह ही सर्व कामे हद्दीबाहेर घ्यावीत. शिवाय प्रत्येक पाणथळ जागी आमर असलीच पाहिजे असे नाही. नांदूर मध्यमेश्वर ही पक्ष्यांची जागा आहे. तेथील काठच्या झाडांवर बाहेरून आमरी आणून बांधणे निरर्थक होय.

बाहेरील दालनात मात्र बागायतदारास भरपूर वाव आहे. डेंड्रोबियमसारख्या जाती सुमारे ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली, विटांचे तुकडे, लोणारी कोळसा व नारळाची सोडणे यांच्या मिश्रणात चांगल्या येतात. त्यांस १९:१९:१९ सारखी विद्राव्य खते वारंवार फवारावी लागतात आणि निथळणारे पाणी हीच खरी अडचण आहे. ते ओढ्यात गेले की नत्र व स्फुरद तळ्यात पोहोचते, शेवाळ व जलपर्णी माजते. यासाठी मांडवाची जागा पाणथळीपेक्षा खालच्या उताराला निवडावी, किंवा निथळ पाणी कुंडात साठवून केळी-नारळास द्यावे. कुंड्यांबरोबर पिठ्या ढेकूण, खवले कीड, गोगलगायी आणि विषाणू येतात. विषाणूग्रस्त झाड बरे होत नाही. म्हणून कुंडी कितीही सुंदर असली तरी हद्दीच्या आत नेऊ नये. जंगलातून काढलेली आमर दालनात ठेवू नये. रोपवाटिकेत वाढविलेलीच ठेवावी व तसे लेबल लावावे.

राखीव क्षेत्र आणि दालन यांच्यामध्ये येतात शेतकऱ्यांच्या बागा. कोकणात आंब्या-फणसाच्या जुन्या झाडांवर सीतेची वेणी आपोआप आलेली असते. मे-जूनमध्ये तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबतात. झाडांची साफसफाई करताना पुष्कळजण तिला बांडगूळ समजून ओरबाडून काढतात. हा गैरसमज आहे. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळे रुजवून अन्नरस शोषते. आमर केवळ सालीचा आधार घेते. अशी दहा-पंधरा झाडे एका वाटेवर असतील तर त्यांस क्रमांक द्यावेत, चार हात अंतरावर बांबूचा कठडा घालावा. वाऱ्याने पडलेल्या फांदीवरील आमर आपल्याच बागेत पावसाच्या सुरुवातीस काथ्याने बांधावी. तांब्याची तार वापरू नये. तांबे आमरीच्या मुळांना घातक ठरते.

प्रदर्शन बारमाही चालविण्याचा हट्ट धरू नये. सह्याद्रीतील पांढरे डेंड्रोबियम साधारण जानेवारी ते मार्च, पाने गळाल्यावर फुलते, तर सीतेची वेणी त्यानंतर. फुलांच्या या वेळा पाहून फेऱ्यांचे दिवस ठरवावेत व फेरीगणिक माणसांची संख्या बांधून घ्यावी. आतील वाट ऐन पावसात बंद ठेवावी. त्या काळात बाहेरच्या दालनातील कुंड्यांची विक्री चालू ठेवता येते.