चॉकलेटच्या कारखान्याला कुलूप कोणी लावले?

तुमच्या गावातील किराणा दुकानाची एक गंमत कल्पनेने पाहू या. एका रात्री दुकानात चोर शिरला. त्याने तांदूळ, गूळ, साबण कशालाच हात लावला नाही. उधारीची वहीसुद्धा नेली नाही. फक्त वहीतले प्रत्येक अक्षर कोणालाही न वाचता येणाऱ्या लिपीत बदलले आणि चिठ्ठी ठेवली, 'वही वाचायची असेल तर पैसे पाठवा.' आता दुकान मालाने भरलेले आहे, पण कोणाकडून किती येणे आहे, कोणाला किती माल द्यायचा आहे, हे दुकानदाराला सांगता येईल का?

२७ जून २०१७ रोजी जगातील अनेक मोठ्या कंपन्यांवर नेमकी हीच वेळ आली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्ट येथे कॅडबरी चॉकलेटचा कारखाना आहे. तेथे यंत्रे मोडली नव्हती, कामगारांचा संपही नव्हता. तरीही उत्पादन थांबले, कारण मालक कंपनी मॉन्डेलीझ हिचे संगणक बंद पडले होते. डेटॉल बनवणारी रेकिट बेन्किझर कंपनी आणि जहाजवाहतूक करणारी मर्स्क कंपनीही याच तडाख्यात सापडल्या. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

अशा दुष्ट आज्ञावलीला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारी आज्ञावली, म्हणतात. ती संगणकातील माहिती कूटलिपीत बदलते. मग तज्ज्ञ लोक किल्ली शोधून कुलूप का उघडत नाहीत? थोडे गणित करू.

किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. ती ० आणि १ या दोनच अंकांनी बनलेली व १२८ अंकी आहे असे समजा. अशा किल्ल्या २ चा १२८ वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये, इतक्या होतात. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र आपल्याजवळ असले, तरी सगळ्या लावून पाहण्यास विश्वाच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल!

चोर ही किल्ली संगणकातच कुठे विसरत असेल का? तसेही होत नाही. ४७ आणि ५९ यांचा गुणाकार तुम्ही मिनिटभरात कराल. पण '२७७३ ही संख्या कोणत्या दोन मूळसंख्यांचा गुणाकार आहे?' असे विचारले, तर बराच वेळ लागेल. गुणाकार जर सहाशेहून अधिक अंकी असेल, तर आजच्या कोणत्याही संगणकाला त्याचे अवयव व्यवहारात शोधता येत नाहीत. चोर हा गुणाकार तुमच्या संगणकात ठेवतो व त्याच्या साहाय्याने किल्ली पेटीबंद करतो. पेटी उघडण्यास लागणाऱ्या मूळसंख्या मात्र त्याच्या घरी असतात.

मग पैसे देऊन मोकळे व्हावे काय? २०२१ साली जेबीएस या मोठ्या मांस कंपनीने १ कोटी १० लाख डॉलर दिले. पण २०१७ च्या हल्ल्यातली आज्ञावली, जिला पुढे नॉटपेट्या हे नाव पडले, वेगळीच होती. ती प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलर मागत होती खरी, परंतु कुलूप उघडण्याची सोयच तिच्यात नव्हती. पैसे देणाऱ्यालाही माहिती परत मिळणे शक्य नव्हते. मॉन्डेलीझचे १,७०० सर्व्हर आणि २४,००० लॅपटॉप कायमचे निकामी झाले. विमा कंपनीने 'हे युद्धासारखे कृत्य आहे' म्हणून भरपाई नाकारली. तो वाद २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. तेव्हा खंडणी किंवा विमा यांवर पूर्ण भिस्त ठेवून चालत नाही.

खरा उपाय म्हणजे राखीव प्रत. येथे संभाव्यतेचा एक नियम उपयोगी पडतो. एक प्रत खराब होण्याची संभाव्यता शंभरात एक आहे असे धरा. तीन प्रती असतील तर तिन्ही एकाच वेळी जाण्याची संभाव्यता १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाखांत एक. पण थांबा! हा गुणाकार केव्हा करता येतो? तिन्ही घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हाच. तिन्ही प्रती एकाच तारेने जोडलेल्या असतील, तर एका विषाने तिन्ही मरतात आणि संभाव्यता पुन्हा शंभरात एकाच्या जवळ येते.

मर्स्कच्या बाबतीत हेच घडले. जाळ्यातील संगणक व माणसे यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक तिच्याजवळ जगभर होते. एक गेला तर दुसरा आहे, अशी योजना होती. पण ते सर्व एकमेकांना जोडलेले असल्याने एकापाठोपाठ एक गेले. वाचला तो फक्त घाना देशातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. तेथे दैवाने जे केले, ते आपण जाणूनबुजून करायचे असते. प्रती तीन ठेवाव्या, दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्या, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणी, तार काढून ठेवावी.

याशिवाय दोन पथ्ये आहेत. आज्ञावलीतील दोषांवर निघालेली दुरुस्ती लगेच बसवावी. नॉटपेट्याने वापरलेल्या एका दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण ही आज्ञावली संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्दही चोरत असे, म्हणून दुरुस्त केलेले संगणकही सापडले. यासाठी दुसरे पथ्य असे, की कारखान्याची यंत्रे आणि कचेरीचे संगणक यांच्यात भिंत असावी. आगबोटीच्या तळाला वेगवेगळे कप्पे असतात. एकात पाणी शिरले तरी बोट बुडत नाही, तसेच हे.

आता तुम्ही एक प्रयोग करा. शाळेच्या संगणकावरील एखादी फाइल पेनड्राइव्हवर उतरवा व पेनड्राइव्ह काढून ठेवा. आठवड्याने दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहा. उघडली तरच ती राखीव प्रत! न तपासलेली प्रत म्हणजे न वाजवता घेतलेले मडके. ते गळके आहे हे पाणी भरल्यावरच कळते.