आमची पेठ, आमचा संघ

कोल्हापुरात फुटबॉलचे बहुतेक नामांकित संघ तालमींचे : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. त्यामुळे लहानपणी आम्ही संघ निवडला नाही. राहत्या पेठेची तालीम तोच आमचा संघ. शाहू स्टेडियमवर निघताना अम्मी बजावायची, "असर चुकवू नका." इथल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. गॅलरीत शेजारी कोण बसलंय, हे कोण विचारणार? गोल झाला की अनोळखी माणूसही मिठी मारायचा. हरलो तर दुसऱ्या पेठेतल्या वर्गमित्राशी दोन दिवस अबोला; तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा एकत्र. हल्ली ही ईर्ष्या कधी कधी हाणामारीवर जाते. मुलांना मैदानावर जरूर पाठवा, पण तो तिसरा दिवसही शिकवा.