फ्लेमिंगो सगळ्यांनाच दिसतात, पण खाडीतून सायबेरियाला जाणारे पक्षी कोणते?

मार्च-एप्रिलमध्ये मुंबईकरांच्या फोनवर गुलाबी फोटोंची गर्दी होते. शिवडी, ऐरोली, भांडुप, नेरूळ... सगळीकडे फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी. पण त्याच फोटोत पायाशी दिसणारे चिमणीएवढे तपकिरी पक्षी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. खरा लांबचा प्रवास त्यांचा असतो.

कोण कुठे जातं?

फ्लेमिंगो पावसाळ्याआधी गुजरातकडे निघतात. कच्छचं रण ही त्यांची मोठी वीण वसाहत. अंतर काहीशे किलोमीटर.

चिखलातल्या छोट्या पक्ष्यांचं तसं नाही. चिखल्या तिबेट-लडाखच्या पठारांकडे जातो. टिलवा आणि बाकदार चोचीचा तुतवार थेट आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतात. हिवाळाभर राखाडी दिसणारा तुतवार एप्रिलमध्ये विटकरी लाल होऊ लागतो. हा विणीचा पोशाख. तो दिसू लागला की समजायचं, निघायची वेळ झाली. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जाणारा हा आकाशमार्ग सुमारे ३० देशांवरून जातो.

निघायचं कधी, हे कसं कळतं?

मुख्य खूण असते दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि भूक वाढते. खाल्लेलं चरबीच्या रूपात साठतं. लांब पल्ल्याच्या काही जातींचं वजन प्रवासाआधी जवळपास दुप्पट होतं. वाटेतलं इंधन हेच.

मग चिखल इतका महत्त्वाचा का?

आपल्याला घाण वाटणारा खाडीचा चिखल म्हणजे किडे, शिंपले, खेकडे यांचं कोठार. पण ते उघडतं फक्त ओहोटीला, दिवसातून साधारण दोनदा. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना जवळच कोरडी किंवा उथळ, शांत जागा लागते. मिठागरं आणि नवी मुंबईतली तळी ही त्यांची विश्रांतीची ठिकाणं.

म्हणून नुसता चिखल वाचवून भागत नाही. विसाव्याची जागा गेली, तर पक्ष्यांना भरतीच्या वेळीही उडत राहावं लागतं आणि साठवलेली चरबी जळते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नवी मुंबईतली अनेक तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ मध्ये भरतीचं पाणी अडल्याने नेरूळचं तळं कोरडं पडलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेत ३० हून अधिक फ्लेमिंगो मेले. पक्ष्यांच्या वाटा आणि शहराच्या वाटा किती जवळून जातात, हे त्या रात्री दिसलं.

बागेत काय चालू असतं?

काटेसावर आणि पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे मधावर तुटून पडतात. काळ्या-गुलाबी रंगाच्या या मैना एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतात. तिथे टोळ, नाकतोडे भरपूर असतात त्या भागात त्यांची वीण होते.

मे संपता संपता उलटी वर्दळ सुरू होते. दक्षिणेकडून नवरंग येतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या जंगलांत तो घरटं बांधतो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे थकलेले नवरंग काचांवर आदळून सोसायट्यांच्या आवारात पडलेले सापडतात.

आपण काय करू शकतो?

- रीलसाठी थवा उडवू नका. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात चरबी खर्च होते.
- जखमी पक्षी सापडला, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी किंवा अन्न घालू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
- मे-जूनमध्ये गच्चीवरचे आणि इमारतीच्या दर्शनी भागातले दिवे रात्री बंद ठेवा.
- फोटो टाकताना तारीख आणि परिसराचं नाव लिहा. ई-बर्डवर नोंद केली तर ती अभ्यासकांच्या कामी येते.

आणि पुढच्या वेळी फ्लेमिंगोचा फोटो आला, की झूम करून त्याच्या पायाशी बघा. विटकरी रंगाचा एखादा तुतवार दिसला, तर तो काही आठवड्यांत टुंड्रावर पोहोचलेला असेल.