हवेत वीज, अंगात रग!

जिमच्या एसीवर, एअर प्युरिफायरच्या खोक्यावर, अगदी मनगटातल्या कड्यावरही हल्ली ‘निगेटिव्ह आयन’ची जाहिरात दिसते. दम कमी लागेल, ताकद वाढेल, मूड खुलेल! जालन्यात भल्या पहाटे मोती तलावाकडे पळायला निघणाऱ्यांनी या हवेतल्या विजेवर किती भरवसा ठेवावा? घ्या, झटपट हिशेब.

१. नावाला वीज
हवेच्या रेणूतून एखादा इलेक्ट्रॉन निसटला किंवा त्याला येऊन चिकटला, की झाला आयन. मोकळ्या रानात एका घन सेंटिमीटर हवेत असे आयन असतात काही शे, फार तर हजारभर. तेवढ्याच हवेतले रेणू मोजायचे तर पंचविसावर अठरा शून्यं द्यावी लागतात!

२. आकाशातून आणि मातीतून
हे आयन तयार करतात अवकाशातून येणारे वैश्विक किरण आणि जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू. व्हिक्टर हेस यांनी 1912 मध्ये बलूनमधून वर जाऊन हे किरण हुडकले आणि 1936 चं नोबेल मिळवलं. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात मात्र ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी, म्हणजे रेडॉनचा कच्चा मालही कमीच.

३. धबधब्याची करामत
पाणी आपटून फुटलं की आसपासच्या हवेत ऋण (निगेटिव्ह) आयन वाढतात. फिलिप लेनार्ड यांनी 1892 मध्येच हे दाखवलं. पावसाळ्यात अजिंठ्याच्या सप्तकुंडाजवळ भोकरदनकरांना हे आयन फुकटात मिळतात. तिथे वाटणाऱ्या तरतरीत गारव्याचा आणि सुट्टीचा वाटा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

४. सायकलवरची परीक्षा
उकाड्यात व्यायाम करणाऱ्यांवरच्या 1982 च्या एका प्रयोगाने ऋण आयनांच्या बाजूने कौल दिला. 1998 च्या जपानी प्रयोगात व्यायामानंतर खालचा रक्तदाब थोडा जास्त उतरला. पण 2014 च्या प्रयोगात कुणाला आयन मिळताहेत हे ना खेळाडूंना ठाऊक होतं, ना तपासणाऱ्यांना. तिथे प्राणवायूचा वापर, थकवा भरून येणं आणि कामगिरी, कशातच फरक पडला नाही. थोडक्यात, पदक आयनाचं नाही, घामाचं.

५. मूडचं काय?
अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये निघाला. चिंता, झोप, निवांतपणा यांवर ठोस परिणाम दिसला नाही. नैराश्याची लक्षणं मात्र ऋण आयनांच्या भरपूर माऱ्याने काहीशी कमी झालेली आढळली.

६. धूळ आयन खाते
जालना म्हणजे बियाणं आणि लोखंडी सळ्या. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीतही शहराचं नाव आहे. मुळात आयनाचं आयुष्य काही सेकंद ते काही मिनिटं. धुळीत तो कणाला चिकटतो आणि संपतो. परळीच्या औष्णिक केंद्रात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर चालते: राखेच्या कणांना वीजभार द्यायचा आणि पट्ट्यांवर ओढून घ्यायचं. आता छातीचा हिशेब. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जीव तोडून पळताना तीच शंभर लिटरपर्यंत जाते, तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून! म्हणून ट्रकच्या रस्त्यापेक्षा शेताकडची वाट धरा.

७. उग्र वास? खिडकी उघडा
काही आयनायझर हवेत ओझोनही सोडतात. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा झणझणीत वास बंद जिममध्ये आला तर सावध व्हा. ओझोन घशाला आणि फुप्फुसाला झोंबतो, आणि धापा टाकणाऱ्याच्या आत तो जास्तच जातो.

८. मशीनविना मल्ल
बलोपासनेचा मंत्र देणारे समर्थ रामदास 1608 मध्ये जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी जन्मले. डिसेंबर 2018 मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’चा आखाडाही जालन्यातच रंगला. माती विभागातून आलेल्या बुलडाण्याच्या बाला रफिक शेखने गादीवरच्या अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. तालमीतल्या लाल मातीत तेल, ताक, हळद कालवतात. त्या ओलसर मातीची धूळही कमी उडते, हे आयनांपेक्षा कामाचं!

९. ही वीज मात्र खरी
हवेतल्या विजेचा अंगावर हमखास परिणाम होतो तो एकाच प्रकारे: ती वरून कोसळते तेव्हा. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास कुठे वीज पडतेय ते सांगतं. ते मोबाइलवर घ्या. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात शिरा. राहिलेल्या बैठका तिथेच मारा!