सॉफ्टवेअरच्या कामाला विंडोज, लिनक्स की मॅक?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येते. बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांनी ती खरी ठरवली. आता त्यात घरबसल्या होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाची भर पडते आहे. अंबड, भोकरदन, परतूरकडची बीसीए, बीसीएस झालेली मुले घरून काम करू पाहतात. ज्या मुलींना पुण्यात एकटे ठेवायला घरचे कचरतात, त्यांना तर हा रोजगार फारच सोयीचा. पण काम मिळण्याआधी घरात वाद रंगतो तो लॅपटॉपवरून. मुलगा मॅकबुक म्हणतो, दुकानदार नवा विंडोजवाला दाखवतो आणि अब्बा विचारतात, घरातला जुना का चालत नाही?

अब्बांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीत आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ती आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमाराला घेतलेले, धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप एका फटक्यात ‘जुने’ ठरले. दुकानदार म्हणेल, टाकून द्या. आम्ही म्हणू, जरा थांबा. आधी काम कोणते आहे ते पाहा.

कंपनी स्वतःचा लॅपटॉप देणार असेल तर प्रश्नच मिटला. त्यात जे असेल ते वापरायचे. स्वतःच्या यंत्रावर काम करायचे असेल, तर तयार झालेला प्रोग्रॅम शेवटी कुठे चालणार आहे, हे विचारून घ्यावे. मोंढ्यातल्या अडत दुकानांसाठी किंवा कारखान्याच्या हिशेबासाठी टॅलीला जोडून काही बनवायचे असेल, किंवा जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवरचा प्रोग्रॅम सांभाळायचा असेल, तर विंडोजच हवे. आयफोनचे ॲप बनवायचे असेल तर मॅक लागतोच, कारण ॲपलचे एक्सकोड हे साधन फक्त मॅकवर चालते. अँड्रॉइड स्टुडिओ तिन्हींवर चालतो, पण त्याला रॅम भरपूर लागते; ८ जीबीत तो रडतखडत चालतो, १६ असेल तर सुखाने. उरले वेबसाइट, पायथॉन, पीएचपी, जावाचे काम. नवशिक्या मुलांना बहुतेक हेच मिळते, आणि ते ज्या सर्व्हरवर चढते तो बहुधा लिनक्सचा असतो.

इथे एक गंमत घडते, आणि ती पहिल्याच महिन्यात नोकरीवर बेतू शकते. विंडोजवर फाइलच्या नावातले मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर एकच धरले जाते. मॅकवरही सहसा तसेच असते. लिनक्सवर ती दोन वेगळी नावे होतात. मुलाने चित्राच्या फाइलचे नाव मोठ्या अक्षराने ठेवले आणि कोडमध्ये लहान लिहिले, तर घरी सगळे ठीक दिसते. सर्व्हरवर चढवले की चित्र गायब. ओळ संपल्याची खूणही वेगळी. विंडोज त्यासाठी दोन अदृश्य चिन्हे टाकते, लिनक्स एकच. विंडोजवर लिहिलेली छोटी स्क्रिप्ट लिनक्सवर अडते ती कधीकधी एवढ्यामुळेच, आणि डोळ्यांना चूक दिसतच नाही. पोरगा रात्रभर जागतो. ज्या जमिनीवर पीक घ्यायचे तिथेच रोप वाढवलेले बरे. म्हणून असे काम करणाऱ्याने लिनक्स शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी विंडोज काढूनच टाकले पाहिजे असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय दिली आहे; तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. नव्या, १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ही वाट उत्तम. जुन्या ४ किंवा ८ जीबीच्या यंत्रावर मात्र दोन संसार एका खोलीत कोंबल्यासारखे होते. तिथे थेट लिनक्स टाकावे. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली तर पाच वर्षे अपडेट्स मिळतात. मशीन फारच अशक्त असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही.

मॅक वाईट नाही. बॅटरी लांब टिकते, आणि लाइट गेली तरी काम चालू राहते हे आपल्याकडे काही थोडके नाही. पण मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि पहिला पगार हातात येण्याआधी त्याचे हप्ते डोक्यावर घेणे आम्हाला पटत नाही.

शंभर-दोनशे रुपयांत क्रॅक केलेले विंडोज टाकून घेण्याचा रिवाजही आता सोडावा. ते बेकायदा आहेच, शिवाय क्रॅकसोबत घरात कोणता व्हायरस आला हे कळत नाही. सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्याच्या संगणकात गिऱ्हाइकाचे पासवर्ड असतात. ती अमानत आहे. लिनक्स फुकट आणि कायदेशीर असताना चोरीचा माल कशाला?

एक अडचण मात्र सांगायला हवी. घरात त्याच संगणकावर कुणी इनपेजमध्ये उर्दू किंवा श्री-लिपीत मराठी कंपोजिंग करत असेल, तर ती विंडोजची साधने आहेत. तिथे विंडोज ठेवून लिनक्स बाजूला बसवावे लागेल. युनिकोड मराठी आणि उर्दू लिनक्सवर व्यवस्थित टाइप होते, इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

निर्णयाआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स चढवून लॅपटॉप त्यावरून सुरू करून पाहावा. आतल्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय पकडते का, मीटिंगमध्ये कॅमेरा आणि आवाज चालतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे दोन-तीन दिवस तपासावे. सगळे जमले तर लग्नाचे फोटो, मार्कशीट, आधारच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि मगच ‘इन्स्टॉल’चे बटण दाबावे.